ट्रकसाठी जंपर केबल घेताय? अँपिअर सोडा, स्क्वेअर एमएम विचारा आणि वजन करा

बंद पडलेल्या गाडीला दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून चालू करायची ती जंपर केबल. ती ऑनलाइन शोधली की 500 अँपिअर, 1000 अँपिअर, 2000 अँपिअर असे मोठमोठे आकडे दिसतात आणि किंमत बघितली तर एका जेवणाच्या बिलाएवढी. छोट्या कारला त्यातली बरीचशी चालूनही जाते, त्याबद्दल तक्रार नाही. पण दहा-बारा टायरच्या गाडीला तीच लावली की केबल गरम, क्लिपेचं प्लास्टिक मऊ आणि सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) नुसता टक-टक करून गप्प बसतो. मग ड्रायव्हर म्हणतो समोरच्याची बॅटरीच खराब आहे, समोरचा म्हणतो तुझा सेल्फ गेलाय, आणि केबलकडे कुणी बघतच नाही.

धक्का मारून चालू करू म्हणाल तर ते टाटा 407 सारख्या छोट्या ट्रकपर्यंत ठीक. मोठ्या गाडीला एअर ब्रेक असतात, रात्रभर उभी राहून टाकीतली हवा उतरली असेल तर मागचे स्प्रिंग ब्रेक सुटतच नाहीत, आणि हवा भरायला इंजिन चालू पाहिजे, म्हणजे अडकलात. म्हणून मोठ्या गाडीत चांगली केबल पाहिजेच, आणि ती कशी निवडायची ते आता बघू.

सगळ्यात आधी बॅटरीची पेटी उघडा

दुकानात जायच्या आधी हे काम करा. आपल्याकडच्या मोठ्या ट्रकमध्ये 24 व्होल्टची सिस्टीम असते, म्हणजे 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला छोट्या जोडवायरने जोडलेला. टाटा एस, बोलेरो पिकअप वगैरे 12 व्होल्टच्या. मधल्या साइजच्या गाड्यांत दोन्ही प्रकार सापडतात, त्यामुळे अंदाज करू नका, पेटीत बघा आणि शंका असेल तर मल्टिमीटर लावा. मल्टिमीटर काही महाग नाही, प्रत्येक गाडीत एक पडलेला असावा असं माझं मत आहे.

बॅटरीवर लिहिलेले अँपिअर-अवरही बघून ठेवा. 100, 130, 150, 180 असे आकडे असतात. बॅटरी जितकी मोठी तितका सेल्फ मोठा असण्याची शक्यता जास्त आणि केबलही तितकीच जाड लागणार.

पेटी उघडलीच आहे तर आणखी एक करा. दोन बॅटऱ्यांचे मिळून चार खांब असतात, त्यातले दोन जोडवायरने आपसात बांधलेले, ते आपल्या कामाचे नाहीत. उरलेला एक प्लस, जिथून सेल्फकडे जाड वायर जाते, आणि उरलेला एक मायनस, जो चॅसीला गेलाय, हेच दोन खरे. त्या प्लसवर लाल रंग आणि मायनसवर काळा रंग आत्ताच, दिवसाउजेडी लावून टाका. रात्री दोन वाजता मोबाइलच्या टॉर्चमध्ये हे शोधत बसायची वेळ येते तेव्हा हाच रंग कामी येतो, आणि ड्रायव्हर बदलला तरी नवीन माणसाला सांगावं लागत नाही.

लांबी: दोन गाड्या उभ्या कशा राहणार त्याचा विचार करा

कारला समोरासमोर तोंड करून उभं केलं की काम होतं कारण बॅटरी बॉनेटखाली असते. ट्रकची पेटी केबिनच्या मागे चॅसीच्या एका बाजूला लटकवलेली असते आणि गाडी अडीच मीटर रुंद. म्हणजे बंद पडलेल्या गाडीची पेटी एका बाजूला, मदतीची गाडी दुसऱ्या बाजूला असं झालं की केबल चॅसीखालून काढावी लागते. अडीच मीटर रुंदी, मध्ये मीटरभर जागा, परत खाली-वर जाण्यात मीटर-दीड मीटर, झाले पाच मीटर. बाजारात कॉमन मिळणारी 8 फुटी, 10 फुटी, 12 फुटी केबल इथेच बाद होते. 12 फूट म्हणजे साडेतीन मीटरच्या थोडंसं वर.

मी 6 मीटर म्हणजे 20 फूट सांगेन. त्याहून लांब घेऊ नका कारण प्रत्येक जादा मीटरला करंट कमी पोहोचतो, आणि ते भरून काढायला आणखी जाड केबल, म्हणजे आणखी पैसे आणि आणखी वजन.

एक युक्ती सांगतो जी जुने ड्रायव्हर करतात. दोन्ही गाड्यांच्या पेट्या डाव्या बाजूला असतील तर मदतीची गाडी बंद गाडीच्या डावीकडे उलट तोंड करून लावायची, दोन्ही पेट्या एकमेकींसमोर येतात आणि दोन-तीन मीटरमध्ये काम होतं. हे अर्थात ढाब्यावर, पेट्रोलपंपावर किंवा ट्रान्सपोर्ट नगरात मोकळी जागा असेल तरच. चालू हायवेच्या लेनमध्ये दुसरी गाडी आणून समांतर उभी करायची आणि मध्ये माणसाने वाकून क्लिपा लावायच्या हे अजिबात नको. नॅशनल हायवेवर असाल तर 1033 ला फोन करा, कोन लावा, गाडी बाजूला घेता येत असेल तर घ्या, मग पुढचं.

जाडी: खरा खेळ इथे आहे

मोठ्या डिझेल इंजिनाचा सेल्फ फिरताना काही शे अँपिअर ओढतो, आणि अगदी पहिल्या क्षणाला त्याहून बरंच जास्त. हिशोबाला 400 अँपिअर धरू. केबल 6 मीटरची आहे पण करंट लालमधून जातो आणि काळ्यातून परत येतो, म्हणजे तार 12 मीटरची झाली, हे बरेच लोक विसरतात. केबलची जाडी स्क्वेअर एमएममध्ये मोजतात, म्हणजे कापलेल्या तोंडावर दिसणाऱ्या तारेचं क्षेत्रफळ. आता चांगल्या तांब्याच्या मऊ केबलमध्ये वाटेतच किती व्होल्ट खाल्ले जातात बघा:

16 स्क्वेअर एमएम: जवळपास 5.8 व्होल्ट
25 स्क्वेअर एमएम: 3.7 व्होल्ट
35 स्क्वेअर एमएम: 2.7 व्होल्ट
50 स्क्वेअर एमएम: 1.9 व्होल्ट
70 स्क्वेअर एमएम: 1.3 व्होल्ट

हे फक्त तारेचं, क्लिपांचं वेगळं. आणि मदतीच्या गाडीच्या बॅटऱ्याही लोड आला की 24 वर थांबत नाहीत, खाली येतातच. त्यातून आणखी पाच-सहा व्होल्ट गेले तर सेल्फला काय उरणार. नवीन कॉमन रेल गाड्यांत तर अजून एक भानगड, सेल्फ हळू का होईना फिरतो पण व्होल्टेज इतकं पडतं की ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, नीट चालत नाही, इंजेक्टर उघडत नाहीत, आणि ड्रायव्हर फिल्टर खोलून डिझेलची हवा काढत बसतो.

माझं म्हणणं सरळ आहे, 24 व्होल्टच्या मोठ्या गाडीला 50 स्क्वेअर एमएम तांबं घ्या. सहा टायरच्या मध्यम गाडीला 35 चालेल, तीही चांगली तांब्याची असेल तर. 70 घ्यायची गरज टिपर, ट्रेलर, मोठे क्रेन सांभाळणाऱ्यांना किंवा ज्यांचा धंदाच ब्रेकडाऊनचा आहे त्यांना, बाकीच्यांना ती उचलायचाच कंटाळा येईल आणि शेवटी ती गोडाऊनमध्ये पडून राहील. 25 ला मी मोठ्या गाडीत हात लावणार नाही. चालते कधी कधी, पण ती चालते कारण मदतीची गाडी वीस-पंचवीस मिनिटं चालू ठेवून आधी बंद बॅटरीच थोडी चार्ज करून घेतली जाते आणि मग सेल्फचा अर्धा भार ती स्वतः उचलते. बॅटरी पार बसलेली असेल तर ते जमत नाही.

12 व्होल्टच्या गाडीचा गैरसमज एक काढून टाकतो. लोकांना वाटतं 12 व्होल्ट म्हणजे कमी, मग केबल बारीक चालेल. उलटं आहे. तेवढीच ताकद 12 व्होल्टवर काढायची तर करंट दुप्पट लागतो, आणि वाटेत पडणारा एक व्होल्टही 24 पेक्षा 12 मधून जास्त टोचतो. म्हणून 12 व्होल्टच्या मोठ्या पिकअपलासुद्धा 25-35 च्या खाली जाऊ नका.

बाहेरच्या ब्रँडवर गेज लिहिलेलं असतं. तिथे नंबर जितका लहान तितकी तार जाड. अमेरिकन गेजमध्ये 4 नंबर म्हणजे साधारण 21 स्क्वेअर एमएम, 2 नंबर म्हणजे 33 च्या वर थोडं, आणि 1/0 म्हणजे 53. आपल्याला हवी ती 1/0 च्या आसपासची. नुसतं 'हेवी गेज' लिहिलं असेल तर पुढे चला.

तांबं आहे की तांब्याचा मुलामा

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. बाहेरून केबल अंगठ्याएवढी जाड, आत तार बघितली तर तांबूस, आणि तरी माल ॲल्युमिनियमचा. वर तांब्याचा पातळ थर आणि आत ॲल्युमिनियम असलेली तार मिळते, तिला सीसीए म्हणतात. ॲल्युमिनियममधून तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच वीज वाहते, त्यामुळे 50 म्हणून घेतलेली सीसीए केबल कामाला 30-32 च्या तांब्याएवढीच. शिवाय ती वाकवून वाकवून लवकर तुटते आणि क्लिपेपाशी ॲल्युमिनियमला गंज चढून जोड ढिला पडतो. आणि 2000 अँपिअर तर हिच्यावरही बिनधास्त छापलेलं असतं, ते कसं मोजलं, किती सेकंदांसाठी, किती लांबीवर, काही नाही.

ओळखायचं कसं? एक, टोकाला थोडं रबर सरकवून एक-दोन तारा ब्लेडने खरवडा. आत पांढरी चकाकी दिसली की ॲल्युमिनियम. दुकानदार खरवडू देत नसेल तर तेच उत्तर समजा. दोन, तार कापून कापलेल्या तोंडाकडे बघा, पूर्ण लाल पाहिजे. लोहचुंबकाने मात्र हे कळत नाही, कारण तांबं आणि ॲल्युमिनियम दोन्ही चिकटत नाहीत.

पण सगळ्यात पक्का उपाय म्हणजे वजनकाटा. 50 स्क्वेअर एमएम तांबं दर मीटरला साधारण 450 ग्रॅम भरतं, म्हणजे 12 मीटरचं तांबंच 5.4 किलो, वर रबर आणि क्लिपा धरून सेट सात किलोच्या आसपास गेला पाहिजे. 35 ची असेल तर तांबं पावणेचार किलो. 50 च्याच जाडीची सीसीए घेतली तर आतली तार दोन किलोच्या आसपासच भरते. ऑनलाइन वर्णनात '1000 अँपिअर हेवी ड्युटी, वजन 900 ग्रॅम' असं दिसलं तर हसून पुढे जा. आणखी सोपं करायचं तर भंगारवाल्याला तांब्याचा आजचा भाव विचारा आणि 5.4 ने गुणा. सेटची किंमत त्याहून खाली असेल तर विषय संपला, भंगाराच्या भावाखाली कुणी नवीन तांबं विकत नाही.

बाहेरच्या जाडीवर कधीच जाऊ नका. स्वस्त केबलमध्ये पीव्हीसीचा थर जाड आणि आत तार पेन्सिलीच्या शिशाएवढी असते. 50 च्या मऊ केबलचा आतला तांब्याचा गाभा साधारण 1 सेंटिमीटर जाड असतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

क्लिपा

केबल सोन्याची असली तरी क्लिप पत्र्याची असेल तर काही उपयोग नाही. क्लिपेला दोन जबडे असतात, स्वस्तातल्या क्लिपेत केबल एकाच जबड्याला जोडलेली असते आणि दुसरा नुसता दाबायला. म्हणजे अर्धाच कॉन्टॅक्ट. दोन्ही जबड्यांत विणलेली तांब्याची पट्टी गेलेली आहे का ते उघडून बघा. जबडे पितळेचे किंवा तांब्याचे हवेत, आणि इथे लोहचुंबक कामाला येतो: जबड्याला चिकटला तर ते मुलामा दिलेलं लोखंड आहे. स्प्रिंगला चिकटणारच, ते सोडा. स्प्रिंग इतकी कडक हवी की क्लिप लावून हलवली तरी खांबावरून फिरता कामा नये, आणि तोंड ट्रकच्या बॅटरीच्या जाड टर्मिनलवर, नट-बोल्टासकट बसेल एवढं मोठं उघडलं पाहिजे. केबल आणि क्लिपेचा जोड नुसता पत्रा वाकवून केलेला नको, जाड तांब्याची लग (तारेच्या टोकावर बसणारं, बोल्टासाठी भोक असलेलं टोपण) मशीनने दाबलेली आणि बोल्टने घट्ट बसवलेली हवी. लाल-काळा रंग हँडलला आणि केबललाही पाहिजे.

तयार घ्या की बनवून घ्या?

मी बनवून घ्या म्हणेन. आपल्याकडे वेल्डिंग केबल सगळीकडे मिळते आणि ती ह्या कामाला मस्त आहे, केसासारख्या बारीक तारा, वरून रबर, ऑइल-डिझेल आणि उन्हाला टिकणारी. 0.2 मिलिमीटरच्या तारा असतील तर 50 च्या केबलमध्ये सोळाशेच्या आसपास असतात, म्हणून ती एवढी मऊ. मुंबईत लोहार चाळ, पुण्यात तपकीर गल्ली, नाहीतर तुमच्या एमआयडीसीजवळचं कुठलंही वेल्डिंगच्या सामानाचं दुकान. मागताना 'तांब्याची, 50 स्क्वेअर एमएम, आयएस 9857 मार्कची' असं स्पष्ट मागा, कारण ॲल्युमिनियमची वेल्डिंग केबलही तितकीच विकली जाते आणि नुसतं '400 अँपिअरची द्या' म्हटलं की तीच हातात पडते. 12 मीटर घ्या, दोन तुकडे करा, चार लग, चार चांगल्या क्लिपा, आणि हायड्रॉलिक क्रिंपिंग मशीन असलेल्या माणसाकडून लग दाबून घ्या. हातोडीने ठोकून दाबलेली लग महिनाभर चालते आणि नेमकी घाटात सुटते. काळी केबल दोन्ही बाजूंना वापरली तर लाल बाजूला टोकापासून फूटभर लाल टेप गुंडाळा.

रबर आणि पीव्हीसीत फरक थंडीत कळतो. आपल्या विदर्भ-मराठवाड्यात पीव्हीसी चालेल, पण सफरचंद भरायला हिमाचल-काश्मीरला जाणारी गाडी असेल तर पीव्हीसी तिथे काठीसारखी कडक होते, उलगडतच नाही.

पाच-दहा गाड्यांचे मालक असाल तर आणखी एक सोय करा, प्रत्येक गाडीच्या पेटीबाहेर 175 किंवा 350 अँपिअरचा अँडरसन कनेक्टर (एकाच बाजूने बसणारा जाड प्लग) कायमचा बसवून घ्या आणि केबलच्या टोकांनाही तोच. मग प्लस-मायनस उलटं व्हायचा प्रश्नच येत नाही. पण एक क्लिपेचा सेटही ठेवा, कारण रस्त्यात मदत करणारी गाडी तुमची नसते.

लावायची पद्धत

1. व्होल्ट जुळवा. 24 ला 24च. कारच्या 12 व्होल्टने ट्रक उठणार नाही, आणि ट्रकचे 24 कारला किंवा छोट्या पिकअपला दिले तर तिच्या इलेक्ट्रॉनिक्सचं वाटोळं. दोन गाड्यांची बॉडी एकमेकांना टेकलेली नको.

2. दोन्ही गाड्या बंद, हँडब्रेक, न्यूट्रल, लाइट-पंखा-टेप बंद. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढा, ही गंमत नाही, 24 व्होल्टमध्ये पाना किंवा कडं अडकलं तर ते लाल होतं आणि हातात भाजतं. बिडी-सिगरेट लांब, बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

3. बॅटरीला तडा आहे का, पाणी पार आटलंय का, लडाखसारख्या ठिकाणी आतलं पाणी गोठलंय का बघा. यातलं काहीही असेल तर जंप द्यायचाच नाही. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पावडर पॉलिश पेपरने घासून काढा, निम्म्या केसेस इथेच सुटतात.

4. लाल क्लिप बंद गाडीच्या शेवटच्या प्लसला, जोडवायरच्या खांबाला नाही. लालचं दुसरं टोक मदतीच्या गाडीच्या प्लसला. काळी मदतीच्या गाडीच्या मायनसला. काळीचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाला किंवा चॅसीच्या कोऱ्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब, म्हणजे ठिणगी उडाली तरी गॅसपाशी नाही. रंग लावलेल्या चॅसीवर क्लिप लावून काही होत नाही, बोल्ट शोधा, सेल्फच्या अर्थिंगचा मिळाला तर उत्तम.

5. मदतीची गाडी चालू करून थोड्या वाढीव आयडलवर दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. मी त्यानंतर ती बंद करून मग सेल्फ मारायला सांगतो, तिच्या अल्टरनेटरवर झटका येत नाही. पण कंपनीच्या पुस्तकात वेगळं लिहिलं असेल तर पुस्तकाचं ऐका, खासकरून बीएस 6 मध्ये.

6. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मग दोन मिनिटं थांबा. दरम्यान केबलला हात लावून बघा. क्लिप गरम आणि केबल थंड असेल तर कॉन्टॅक्ट खराब, क्लिप फिरवून परत बसवा. पूर्ण केबल गरम असेल तर ती बारीक आहे.

7. चालू झाली की लगेच केबल ओढू नका. हेडलाइट आणि ब्लोअर लावा, इंजिन आयडलवर, मग उलट्या क्रमाने काढा. लोड नसताना झटक्यात काढली की व्होल्टेज उसळतं आणि ईसीएमला ते मानवत नाही. बॅटरी तोडणारा मेन स्विच तर इंजिन चालू असताना कधीच फिरवू नका, आणि बीएस 6 गाडी बंद केल्यावरही ॲडब्लूचा (धूर साफ करायच्या युरियाच्या पाण्याचा) पंप लाइन रिकामी करेपर्यंत मिनिट-दोन मिनिटं थांबून मगच तो फिरवा.

आता मल्टिमीटर परत काढा. चालू इंजिनवर 27.5 ते 28.5 व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर ठीक आहे, बॅटरी लाइट-पंखा चालू राहून उतरली असणार. 25 च्या आसपासच अडकलं असेल तर अल्टरनेटर किंवा पट्टा गेलाय, गॅरेजपर्यंत गाडी बंद करू नका, ढाबा दिसला तरी. आणि रात्रभर उभी ठेवल्यावर दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. एक 12.6 आणि दुसरी 10.5 दाखवत असेल तर दुसरीचा एक सेल मेलाय, उद्या परत हाच तमाशा होणार, आणि बदलायच्या झाल्या तर दोन्ही एकाच वेळी, एकाच कंपनीच्या आणि एकाच अँपिअर-अवरच्या घ्या, नाहीतर जुनी बॅटरी नवीनलाही घेऊन बसते.